बिनटपाची गाडी

मराठी मध्यमवर्गाचं डोकं हल्ली गाडीच्या टपातून बाहेर आलं आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात उभे राहा आणि येणाऱ्या गाड्या बघा. टपाच्या भोकातून एक चिरंजीव कमरेपर्यंत उगवलेले, दोन्ही हात पसरलेले. खाली आईने त्यांच्या चड्डीचं इलॅस्टिक घट्ट धरलेलं. वडील एसी तीनवर ठेवून गाडी हाकताहेत आणि ती सगळी थंड हवा टपातून निघून सह्याद्रीला गारवा देते आहे. २०२३ साली ह्युंदाईने एक्स्टर या चिमुकल्या गाडीत तोंडी हुकमाने उघडणारं सनरूफ दिलं, तेव्हापासून ही चैन आणखी एक मजला खाली उतरली. ज्या घरात वडिलांनी दहादा ओरडूनही बाथरूमचा दिवा बंद होत नाही, त्या घराच्या गाडीचा टप आता एका हाकेसरशी सरकतो.

एकदा भोक पडलं की माणसाला सबंध आभाळ हवंसं वाटतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ते वाटू लागलं आहे. त्यांच्या छोट्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली. पुन्हा पासिंग करून घ्यायचं की भंगारात द्यायची, अशी घरात चर्चा चालू असताना काकांनी तिसरा पर्याय मांडला : टप कापायचा. "नाहीतरी जायचीच आहे, तर कन्व्हर्टिबल होऊन जाऊ दे." यावर काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, संडासाचं छत गळतंय, ते आधी बघा."

पण काकांचा प्रश्न अगदीच खुळा नाही. परवडणाऱ्या छोट्या गाडीचं कन्व्हर्टिबल होऊ शकतं का? होऊ शकतं. झालेलं आहे, आणि तेही आपल्या अगदी नात्यात. १९९० साली आपल्याकडे मारुती १००० आली. ती सुझुकी कल्टसची डिकीवाली बहीण. नेमक्या त्याच सुमारास सुझुकीने त्याच कल्टसच्या धाकट्या बहिणीचा टप उतरवला आणि जिओ मेट्रो असं नाव देऊन तिला अमेरिकेला धाडलं. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, वर कापडी हूड, मागची सीट काढून टाकलेली. बसणार दोघंच. एकाच घराण्यातली एक मुलगी इकडे सासू-सासऱ्यांना घेऊन अष्टविनायक करत होती आणि दुसरी तिकडे केस मोकळे सोडून समुद्रकिनाऱ्याने हिंडत होती. युगोस्लाव्हियाने तर आपल्या युगोचंही कन्व्हर्टिबल काढलं. युगो ही गाडी अमेरिकेत चालण्यापेक्षा विनोदांसाठी जास्त गाजली; तिचा टप विजेवर उघडत असे, आणि बाकीच्या गाडीबद्दल मात्र तशी खात्री देता येत नसे.

फ्रेंचांचं गणित याहून सरळ होतं. सित्रोएनची टू-सीव्ही १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. कंपनीचे प्रमुख पिअर-ज्यूल बूलांजे यांच्या अटी सांगतात त्या अशा : नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी न फुटता बाजारात पोचली पाहिजेत, आणि गाडी म्हणजे चार चाकांवरची छत्री, याहून जास्त काही नको. म्हणून टप कापडाचा, मागे गुंडाळून ठेवता येणारा. त्यात हौसमौज कसली? पत्रा महाग, कापड स्वस्त. शिवाय टप गुंडाळला की उंच सामान उभं नेता येई. सुरुवातीचं इंजिन होतं नऊ अश्वशक्तीचं. त्याच्या डोक्यावर आणखी पत्रा कोण ठेवणार? पुढे १९५७ च्या फियाट ५०० लाही कापडी टपच आला. त्याच्याही आधी अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी घ्यायला गेलं तर उघडी स्वस्त आणि बंद महाग असे. पत्र्याच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या १९२० च्या दशकात, आणि तिथून गंगा उलटी वाहू लागली. ज्याला छप्पर परवडत नाही तो उघड्या गाडीतून उतरला आणि ज्याला छप्पर काढणं परवडतं तो तिच्यात जाऊन बसला.

आपल्याकडे बहुसंख्य जनता अजून पहिल्याच रांगेत आहे. नॅनो कशी सुचली ते रतन टाटा सांगत असत : पावसात स्कूटरवरून चाललेलं एक कुटुंब, पुढे मूल, मागे बायको, मधे आणखी एक पोर. या चौघांना सुरक्षित आणि कोरडं कसं न्यायचं, यातून १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती लाखाची गाडी उभी राहिली. टाटांच्या इंजिनिअरांनी किंमत गाठण्यासाठी एकेक वस्तू कमी केली. दोन वायपरचा एक केला. पहिल्या मॉडेलांची डिकी बाहेरून उघडतच नसे. सामान मागची सीट पाडून आतूनच ठेवायचं. इतकं सगळं काढून झाल्यावर जे एक काढता येईना, ते म्हणजे टप. कारण विकायचा होता तोच. चाकं, स्टिअरिंग आणि ६२४ सीसीचं इंजिन हा त्या टपाबरोबर येणारा जोडमाल. गाडी २०१८ पर्यंत जवळजवळ बंद पडली ती निराळ्या कारणाने : पावसापासून वाचवणारा टप मिळाला, पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्काही त्याच्याबरोबर मिळाला, आणि शेजाऱ्यांच्या नजरेपासून वाचवणारं छप्पर अजून कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही.

तर अशा देशात काका टप कापायला निघाले. गॅरेजवाला म्हणाला, "काका, कटर लावला की अर्ध्या तासात टप खाली घेतो. त्याच्यापुढचं मात्र मला विचारू नका." पुढचं त्यानेच सांगितलं. जीपला खाली वेगळी चॅसी असते. वर टप पत्र्याचा असो, कापडाचा असो, नाहीतर नसो, चॅसीला त्याचा पत्ता नसतो. जिप्सी हार्ड टॉप आणि सॉफ्ट टॉप अशा दोन्ही तऱ्हांची मिळायची ती त्यामुळेच, आणि २०२० सालची थार कापडी टपासकट आली त्याचंही कारण तेच. छोट्या गाडीला अशी वेगळी चॅसी नसते. फरशी, खांब, टप मिळून एकच सांगाडा. चपलांच्या खोक्याचं झाकण चारी बाजूंनी चिकटवलं की खोकं ताठ राहतं. झाकण फाडा आणि दोन टोकांना धरून पिळा, म्हणजे काकांच्या गाडीचं खड्ड्यात काय होईल ते कळतं. काच थरथरते, मधून गाडी वाकते, आणि दार एकतर लागत नाही किंवा लागलं की उघडत नाही. म्हणून कंपन्या कन्व्हर्टिबल करताना दाराखालचे उंबरे जाड करतात, पुढच्या काचेचे खांब मजबूत करतात, खाली आडव्या पट्ट्या मारतात. फोक्सवॅगनने १९७९ साली गोल्फचं कन्व्हर्टिबल काढलं, तेव्हा गाडी उलटली तर माणसं वाचावीत म्हणून मधोमध एक जाड कमान बसवली. त्यावरून जर्मनांनी गाडीचं नाव ठेवलं स्ट्रॉबेरीची टोपली. एवढं सगळं केल्यावर बिनटपाची गाडी टपाच्या गाडीपेक्षा जड भरते आणि किमतीलाही चढते.

हे काकांना अजिबात पटलं नाही. "काढलेल्या वस्तूचे जास्त पैसे?" त्यांनी आयुष्यभर भाजीवाल्याकडून वर चार मिरच्या मागून घेतलेल्या. काहीतरी कमी करून जास्त पैसे घेण्याची कला त्यांनी फक्त हॉटेलातल्या अर्ध्या प्लेटमध्ये पाहिली होती.

मग कायदा आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रूपाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षाही ठरवून दिली : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. काकांनी 'प्रत्येक' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "टप हा एकच फेरफार धरायचा, की खांब वेगळे मोजायचे?" सहा खांब अधिक टप, पस्तीस हजार. त्यात मागची काच वेगळी धरली तर चाळीस.

कायद्याची एक बाजू मात्र कन्व्हर्टिबलला धार्जिणी आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. छोटी कुठली हे ठरवताना सरकारने लांबी मोजली, सीसी मोजले. वर टप आहे का, हे विचारलं नाही. म्हणजे एखाद्या कंपनीने चार मीटरच्या आतलं, बाराशे सीसीच्या आतलं पेट्रोलचं कन्व्हर्टिबल कारखान्यातूनच काढलं, तर ते सवलतीत बसेल. फक्त ते काढणारा कुणी हवा.

असा एक होऊन गेला, आणि तो आमच्या शेजारीच, गोव्यात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची कन्व्हर्टिबल काढली. फायबरचं अंग, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. दिसायला ऐटबाज, जायला बरी, आणि परदेशी कन्व्हर्टिबलच्या मानाने किंमत खिशाच्या आटोक्यातली. ती रस्त्यावर फारशी दिसली नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो 'किती देते?' आणि दुसरा 'किती बसतात?' दुसऱ्या प्रश्नाला 'दोन' हे उत्तर फक्त मोटरसायकलला माफ आहे, आणि तिच्यावरही तीन बसतात. कोकणी माणूस गाडीत सहा माणसं, दोन फणस आणि एक कोंबडी बसवून गणपतीला निघतो. त्याला दोन सीटा दाखवायच्या म्हणजे त्याचा अपमान करायचा.

हवामानाचं तर बोलूच नये. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस ओलांडणार, मधले जे चार बरे महिने उरतात त्यांत मेट्रोची नाहीतर उड्डाणपुलाची धूळ. इंग्रज बारा महिने पावसात राहूनही हौसेने उघड्या गाड्या घेतो, कारण त्याला ऊन ही बक्षिसासारखी गोष्ट वाटते. आपल्याला सावली तशी वाटते. सिग्नलला गाडी थांबवताना डावीकडे झाड आहे का, हे बघून अलीकडे पन्नास फूट थांबणारी जमात आपली. ती टप काढणार?

आणि ऊनपाऊस सोसला, तरी एसटी आहे. आंबोलीच्या नाहीतर कुंभार्लीच्या वळणांवर पुढे लाल गाडी चालली आहे, तिसऱ्या खिडकीतून एका आजींनी पदर तोंडाला लावून मान बाहेर काढली आहे, आणि मागे तुम्ही टप उघडा टाकून निसर्गसौंदर्य पाहत आहात. या एका शक्यतेवर एकाही मोटार कंपनीने संशोधन केलेलं नाही. शहरात आजींच्या जागी तंबाखूवाले काका येतात, एवढाच फरक. शिवाय उघड्या गाडीत संसार जाहीर होतो. सिग्नलला शेजारी बस उभी राहिली की पस्तीस प्रवासी वरून खाली बघणार. नवराबायकोचं भांडण चालू असेल तर त्यांतले दोघंतिघं बायकोची बाजू घेणार, आणि सिग्नल सुटेपर्यंत निकालही देऊन टाकणार.

खरं तर परवडणारं छोटं कन्व्हर्टिबल महाराष्ट्रात कधीचंच आहे. तीन चाकं, लोखंडी सांगाड्यावर रेक्झिनचं हूड, दोन्ही बाजू मोकळ्या, पावसात लावायला प्लॅस्टिकचा पडदा, आणि ड्रायव्हरसकट भाड्याने मिळतं. पण रिक्षातून जाताना आपण वारा खात नाही, मीटर बघतो. आणि पूर्ण उघड्या गाडीचा मान आपण दोघांसाठी राखून ठेवलेला आहे : वरातीतला नवरदेव आणि निवडून आलेला उमेदवार. दोघंही ओपन जीपमध्ये उभे असतात, दोघांवरही गुलाल पडतो, दोघांनीही आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांना सगळं कबूल केलेलं असतं. काकांचं लग्न होऊन गेलेलं आहे आणि सोसायटीच्या निवडणुकीत ते दोनदा पडले आहेत. त्यामुळे त्यांना तो मान आता टप कापूनच मिळवावा लागणार.

काका हटलेले नाहीत. त्यांनी खर्चाचा कागद केला आहे. कटिंग आणि वेल्डिंग. खाली मजबुतीच्या पट्ट्या. दंडाची तरतूद, चाळीस हजार. टपाच्या जागी कापडी हूड, कारण पाऊस. हूड उन्हाने तडकतं, म्हणून वरून कव्हर. कव्हरवर मांजरं निजतात आणि नखांनी ते फाडतात, म्हणून गाडीवर कायमची पत्र्याची शेड. शेडसाठी त्यांनी सोसायटीकडे रीतसर अर्ज दिला आहे आणि तो येत्या वार्षिक सभेत आठव्या विषयाला येणार आहे. तळमजल्यावरच्या मंडळींनी आत्ताच लेखी हरकत घेतली आहे : शेड झाली तर त्यांच्या खिडकीतून आभाळ दिसणार नाही.