आडनाव ॲकॅरी

प्राणिशास्त्रात ‘ॲकॅरी’ हे गोचीड, लाल कोळी, खरजेचा जंतू, गादीतल्या धुळीतला जंतू अशा सगळ्या भाऊबंदांचे आडनाव आहे. शब्द मुळात ग्रीक. कापून आणखी तुकडा पडणार नाही इतके बारीक, असा त्याचा अर्थ. लिनियसने १७५८ साली ‘ॲकॅरस’ ही प्रजाती नोंदवली. गोचीड रक्त पिऊन टम्म फुगते तेव्हा हा अर्थ तिला लागू पडत नाही, पण आडनाव काही बदलता येत नाही.

या मंडळींना पाय आठ, म्हणून ती कीटकांत मोडत नाहीत; कोळी आणि विंचू त्यांचे चुलते. पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, उरलेले दोन कात टाकल्यावर फुटतात. शास्त्रज्ञांनाही चकवायची ही वडिलोपार्जित सोय असावी.

खानदेशच्या शिवारात ‘ॲकॅरी’ कोणी म्हणत नाही. तिथे नुसता ‘रोग’ पडतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लाल कोळी त्यासाठी थांबला नव्हता. ऊन तापले, हवा कोरडी झाली की तो वाढतो, म्हणजे जळगावात त्याची चंगळच. पानावर पांढरट ठिपके पडतात, खालच्या अंगाला धूळ अडकलेले बारीक जाळे दिसते. ते पान पांढऱ्या कागदावर झटकावे. पडलेला लाल ठिपका चालू लागला, की निदान झाले.

पायांचा हिशेब इथे खिशाशी येऊन भिडतो. कीटकांसाठी केलेली बरीच औषधे या आठपायीला लागत नाहीत. काही तर त्याला खाणारे मित्रकिडे तेवढे मारतात आणि कोळ्याला रान मोकळे करून देतात. त्याला लागते ‘ॲकॅरिसाइड’, म्हणजे कोळीनाशक. जुन्या माणसांना पाठ असलेल्या डायकोफॉलवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. पाण्यात मिसळायचे गंधक स्वस्त आणि गुणकारी, पण कडक उन्हात त्याने पानेच करपतात. आणि कोळी येतो तो नेमका कडक उन्हातच.

धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याची मिरचीची बाजारपेठ नावाजलेली. मिरचीवर पिवळा कोळी असतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. पाने आकसली की त्याला सरसकट ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात. पानाच्या कडा खाली वळल्या असतील तर बहुधा कोळी, वर वळल्या असतील तर फुलकिडे. फुलकिडे सहा पायांचे, त्यांचे औषध वेगळे. दोघे एकदम आले, की दुकानदाराचा चेहरा खुलतो.

याच घराण्यातला मृगाचा किडा तेवढा सभ्य. पहिल्या पावसानंतर लाल मखमल पांघरून ढेकळांवरून फिरतो, इतर किड्यांची अंडी खातो, पिकाला तोंड लावत नाही. त्याच्यावर कोणी औषध मारत नाही. उलट त्याचेच तेल काढून लकव्यावरचे औषध म्हणून विकतात.