विचारल्यास सांगावे

आढावा बैठकीत सगळ्यात मोठी धास्ती कशाची असते, हे कोणत्याही खात्याच्या माणसाला विचारून पाहा. निधी परत जाईल याची नसते आणि काम रखडेल याची तर नसतेच, कारण ते रखडलेलंच असतं. धास्ती असते ती पीपीटी सुरू करताना पडदे उलटे लागण्याची. समोरच्या मोठ्या पडद्यावर नुसती स्लाइड दिसावी आणि लॅपटॉपवर स्लाइडसोबत खालच्या स्पीकर नोट्स दिसाव्यात, अशी ही रचना. 1987 साली पॉवरपॉइंट बाजारात आलं तेव्हापासून स्लाइडखाली बोलणाऱ्यासाठी टिपा लिहायची सोय आहे. केबल जोडताना गडबड झाली किंवा व्हीसीवर स्लाइडच्या खिडकीऐवजी अख्खा स्क्रीन शेअर झाला, की साहेबांच्या कानात सांगायची गोष्ट सभागृहभर होते. मग ऑपरेटरवर डोळे वटारले जातात. नोट लिहिणाऱ्यावर कोणी वटारत नाही, हे या प्रकरणातलं पहिलं आश्चर्य.

लपवण्याचं शास्त्र मात्र आता चांगलंच पुढे गेलं आहे. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, टिपा सोबत जातात. गूगल स्लाइड्सची नुसती पाहण्यापुरती लिंक दिली तरी पाहणाऱ्याला टिपा वाचता येतात. पॉवरपॉइंटमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून टिपा पुसता येतात, पण त्या आधी प्रत काढून ठेवायची, नाहीतर पुढच्या बैठकीत बोलायचं काय? सगळ्यात बरी पीडीएफ. तिथेही छपाईच्या पर्यायात चुकून 'नोट्स पेजेस' निवडलं गेलं, की पानागणिक आपली अक्कल खाली छापून येते. एवढं सगळं ज्याला पाठ आहे त्याला कार्यालयात 'टेक्निकल माणूस' म्हणतात आणि आढाव्याच्या दिवशी त्याची रजा मंजूर होत नाही.

पण त्या टिपांत असतं तरी काय? अशी एक स्लाइड डोळ्यांसमोर आणा : 'पाणीपुरवठा योजना : भौतिक प्रगती समाधानकारक', सोबत नळाखाली हसणाऱ्या बाईचा फोटो. खाली टीप : 'फोटो दुसऱ्या गावचा. टाकी पूर्ण, वीजजोडणी नाही. विचारल्यास सांगावे.' हे 'विचारल्यास सांगावे' म्हणजे आपल्या कारभाराचं खरं बोधवाक्य. त्यात खोटं बोलण्याचा आरोप चिकटत नाही, कारण सांगायची तयारी तर होतीच. कोणी विचारलं नाही, हा विचारणाऱ्याचा दोष. आमचं म्हणणं इतकंच, की स्लाइडवर काही नसतं आणि जे असतं ते टिपेत असतं. तेव्हा इतक्या शास्त्रोक्त पद्धतीनं लपवायचंच असेल तर स्लाइड लपवाव्यात आणि टिपा मोठ्या पडद्यावर लावाव्यात. वेळ वाचेल, प्रोजेक्टरचा दिवाही जास्त दिवस टिकेल.

ही सूचना वर्धा जिल्ह्यात सगळ्यात आधी पटावी, कारण हा जिल्हा स्लाइड आणि टीप यांच्यातल्या अंतरावर वर्षानुवर्षं नांदतो आहे. गांधींची कर्मभूमी म्हणून इथे अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. ही झाली स्लाइड. टीप रोजच्या वर्तमानपत्रात असते : अमुक ठिकाणी मोहाचा सडवा नष्ट, तमुक रस्त्यावर गाडीसह पेट्या जप्त. बंदी जितकी कडक म्हणून सांगायची, तितक्या जप्त्यांचे आकडे मोठे दाखवायचे. एकाच सादरीकरणात दोन्ही अभिमानानं येतात आणि कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. शेजारच्या चंद्रपूरनं 2015 मध्ये बंदी आणली आणि 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. अवैध दारू आणि तिच्याभोवतीची गुन्हेगारी वाढली, असं कारण दिलं. निर्णय बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण निदान त्या दिवशी कोणीतरी टीप मोठ्यानं वाचली. वर्ध्यात ती अजून 'विचारल्यास'च्या यादीत आहे.

टिपा उघड्या पडल्या तर काय अनर्थ होतो, याचा पुरावा हवा असेल तर तोही इथलाच आहे, आणि साधासुधा नाही. एप्रिल 1942 च्या अखेरीस अलाहाबादला काँग्रेस कार्यकारिणी बसली. गांधी गेले नाहीत. सेवाग्रामहून त्यांचा ठरावाचा मसुदा घेऊन मीराबेन गेल्या. त्यावर कार्यकारिणीत कडाक्याचा वाद झाला. मसुद्याचा रोख जपानच्या बाजूला झुकतो, असं नेहरूंचं म्हणणं पडलं. राजाजींचं आणखी वेगळं. पटेल आणि राजेंद्रप्रसाद गांधींच्या बाजूनं. शेवटी ठराव बदलून संमत झाला. मे महिन्यात पोलिसांनी अलाहाबादच्या काँग्रेस कार्यालयावर छापा घातला आणि मसुदे, चर्चेची टिपणं, सगळं उचलून नेलं. जुलैच्या 14 तारखेला वर्ध्यात कार्यकारिणीनं ब्रिटिश सत्ता संपवण्याची मागणी करणारा ठराव केला. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईचं अधिवेशन तोंडावर असताना, सरकारनं नेमक्या वेळी ती टिपणं छापून टाकली. हिशेब सरळ होता : लोकांना आतली टीप दिसली की बाहेरची स्लाइड कोसळेल. नेहरूंनी टिपणं अपुरी आणि अनधिकृत असल्याचं सांगितलं. आणि मग? 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना पकडावं लागलं आणि पुढे वर्धा जिल्ह्यातल्याच आष्टीत लोकांनी जो उठाव केला तो वर्धेकरांना सांगायला नको. टिपणांनी काहीच कोसळलं नाही, कारण त्यांत मतभेद होते, बनवाबनवी नव्हती. नेते आत भांडत होते ते ज्या प्रश्नावर, त्याच प्रश्नावर बाहेर बोलत होते. 'विचारल्यास सांगावे' अशी ओळ त्यात असती, तर सरकारला दमनाचा खर्चही करावा लागला नसता.

टिपा उघड्या करण्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की कच्च्या विचाराला आडोसा लागतो. तो नसेल तर बैठकीत कोणी खरं बोलणारच नाही. बरोबर आहे. अलाहाबादला चोरी केली ती पोलिसांनी, काँग्रेसनं टिपणं आपल्यापाशी ठेवली यात काही गैर नव्हतं. पण हाच आक्षेप सरकारी फाइलीवरच्या टिपणीच्या वेळीही निघाला होता. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये आला. टिपण्या त्यात येत नाहीत असं दिल्ली सांगत राहिली. जानेवारी 2006 मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं त्या येतात असा निर्णय दिला. जुलैत मंत्रिमंडळानं त्या वगळणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि दुरुस्ती बासनात गेली. त्यानंतर अधिकाऱ्यांनी टिपण्या लिहिणं थांबवलं का? मुळीच नाही. कायद्याच्या व्याख्येत मतं आणि सल्ले येतात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूरही येतो. सरकारी लॅपटॉपवर, सरकारी वेळेत, सरकारी स्लाइडखाली लिहिलेली ओळ मग खासगी कशी? नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायचा भारही कायद्यानं माहिती अधिकाऱ्यावरच टाकला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. काही गोष्टी खरोखरच लपवल्या पाहिजेत : लाभार्थ्याचा आधार क्रमांक, कर्मचाऱ्याचं आजारपण, घरगुती हिंसाचाराची तक्रार करणाऱ्या बाईचं गाव. हे मान्य. पण प्रत्यक्षात घडतं नेमकं उलटं. लाभार्थ्याचं नाव, फोटो, धनादेश धरलेले हात हे सगळं मोठ्या पडद्यावर असतं. झाकायची असते ती खात्याची सबब. शेतकऱ्यांसाठीच्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. शेतकरी आत्महत्यांचा तक्ता तेव्हापासून आजतागायत तोच : मदतीला पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. 'अपात्र'च्या रकान्यात आकडा असतो. तो माणूस अपात्र का ठरला, कर्ज सावकाराचं होतं म्हणून की सातबारा बापाच्या नावावर होता म्हणून, हे स्लाइडवर येत नाही. एक लाखाची मदत नाकारलेल्या घराला ते कारण कळायला हवं आणि त्या घराचं नाव सभागृहाला कळायला नको. आपण दोन्हींच्या जागांची अदलाबदल करून ठेवली आहे. विनोद करण्यासारखा हा विषय नाही, म्हणून इथे करत नाही.

राहिला 'टिपा म्हणजे नुसती आठवण' हा बचाव. 2 जून 1947 हा सोमवार होता, गांधींचा मौनाचा दिवस. फाळणीच्या योजनेवर बोलायला ते माउंटबॅटनकडे गेले आणि वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून एकेक व्हाइसरॉयच्या हातात देत राहिले. बोलणारा गप्प आणि टीप सरळ समोरच्याच्या मुठीत. ती नुसती आठवण नव्हती, तेच बोलणं होतं. सेवाग्रामला बापूकुटी दाखवायला नेलेल्या पाहुण्यांना खातेप्रमुखांनी हाही प्रसंग सांगायला हरकत नाही. विचारल्यास.

तेव्हा वाचकहो, पुढच्या आढाव्यानंतर कार्यालयाकडे सादरीकरण मागा. साधा कागद, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मुदत 30 दिवस. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. त्यात फ्लॉपीसुद्धा आहे, पेन ड्राइव्हला कोणी हरकत घेणार नाही. फक्त अर्जात 'मूळ फाइल, स्पीकर नोट्ससह' असं ठळक लिहा. नाहीतर पीडीएफ येईल.