राक्षस चांगला आहे, पण...

धरून चला, सेलूच्या एका पोरानं घरबसल्या कॉम्प्युटरवर एक भयखेळ बनवला. जुना वाडा, वाड्याखाली तळघर, तळघरात सुटे अवयव पडलेले. हात, जबडे, शेपट्या, डोळे. खेळाडूनं ते जोडून राक्षस उभा करायचा आणि तो जिवंत झाला की त्याच्याचपासून जीव घेऊन पळायचं. खेळ छोटा, तासाभरात संपणारा. पोरानं तो ओळखीतल्या चार जणांना खेळायला दिला आणि अदबीनं म्हणाला, "कसा वाटला ते सांगा जी." इथंच फसला. वर्धा जिल्ह्यात मत मागावं लागत नाही, ते मागण्याआधीच ओट्यावर येऊन बसलेलं असतं.

पहिला अभिप्राय कास्तकाराचा. "राक्षस बरा आहे बाबू, पन हा रात्री बारा वाजता कायले येते? बारा वाजता आमची लाइन येते. म्या ओलित करू का ह्याच्यापासून पळू?" पोरानं वहीत लिहून घेतलं: वेळ बदलणे.

दुसऱ्याची शंका कायदेशीर होती. राक्षसानं घर पाडल्यावर ७२ तासांत कळवायचं बटन कुठं आहे? पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची, तीच सवय. पोरगा म्हणाला, बटन ठेवलेलं नाही. "मंग ठेव," खेळाडू म्हणाला, "अन् ते दाबलं की चाक फिरत राह्यलं पाह्यजे. त्याच्याएवढी भीती तुझ्या राक्षसात नाही."

तिसऱ्यानं थेट अवयवांवर बोट ठेवलं. "दात वाघाचे कायले लावले बे? बोरच्या जंगलातला वाघ मानूस पाहून बाजूले होते. बोंडअयीचं तोंड लाव." या माणसाला समीक्षक म्हणून कुठंही नेमावं. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा निकाल लागला, असाच सगळ्यांचा समज झाला होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीनं विदर्भात काय केलं ते आठवा. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, हातात घेतलं तर भरलेलं. फोडलं की आत पिवळट, चिकटलेली कवडी आणि पोखरलेली सरकी. शिवाय ही अळी पोसण्यात बियाणं, फवारणी आणि फरदड मिळून हातभार कितीतरी जणांचा. राक्षस जोडून मग पळायचं, हा खेळ पोराच्या आधी आपण शिवारात खेळून बसलो होतो.

चौथे निवृत्त गुरुजी, राहणार सेवाग्रामच्या वाटेवर. त्यांची सूचना अशी की राक्षसाला चुकवून पळण्याऐवजी त्याच्यासमोर उपोषणाला बसता आलं पाहिजे. हातानं वस्तू घडवत शिकावं, हा नई तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत मांडला गेला. घडवलेली वस्तू अंगावर आली तर काय करावं, याचा खुलासा करायचं त्या वेळी राहून गेलं असावं. जाताना गुरुजींनी विचारलं, राक्षस अदृश्य का नाही? पोरगा म्हणाला, अदृश्य केला तर लोकांना दिसायचा कसा? गुरुजी हसले. १९७० च्या दशकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात ही अडचण कोणालाच आलेली नाही.

हे झाले घरचे. खेळ जगाच्या बाजारात नेला की अभिप्रायाची जात बदलते. स्टीम नावाच्या मोठ्या दुकानाचा नियम असा की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर खेळ परत करून पैसे घेता येतात. छोटा भयखेळ दीड तासात संपतो. म्हणजे शेवटपर्यंत खेळा, घाबरा, "सुंदर, पण लहान आहे" असं लिहा आणि पैसेही परत घ्या. २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' हा असाच छोटा भयखेळ करणाऱ्या एमिका गेम्सनं हेच गाऱ्हाणं मांडलं आणि खेळ बनवणं अनिश्चित काळासाठी सोडत असल्याचं जाहीर केलं. कौतुक भरपूर झालं होतं. पैसे मात्र परत गेले होते.

हिंगणघाटच्या मार्केटात गाडी लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. "कापूस चांगला आहे, पण ओलावा जास्त आहे." सरकारी खरेदीत आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव उतरतो आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. "पण"च्या अलीकडचं सगळं फुकट असतं, भाव "पण"च्या पलीकडे ठरतो.

कॉम्प्युटरच्या खेळात बनवणारा अवयव देतो, खेळणारा राक्षस जोडतो आणि मग त्याच्याबद्दल कुरकुर करतो. आपल्याकडची रीत याहून सरळ आहे. इथं कुरकुरीलाच हातपाय लावतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, ती थेट १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे नावाचे पुतळे. अंगात बांबू, कागद, चिंध्या, आणि तोंड त्या त्या वर्षी जो नडला त्याचं. आपल्या खेड्यांत एवढा थाट नसतो. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पहाटे शिवेवर नेऊन टाकायच्या आणि रोगराई, ढेकूण, खोकला एकेकाचं नाव घेऊन ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" त्यानंतर पोरं लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला मोकळी.

या पद्धतीत एकच खोट आहे. अभिप्राय ज्याच्यासाठी असतो, तो मिरवणूक पाहायला गच्चीवर उभा असतो आणि त्याला वाटतं, बडग्या शेजाऱ्याचा आहे. महागाईचा बडग्या तर इतक्या वेळा जळाला की तिला आता ती धग मानवत असावी. पुढच्या पोळ्याला ती अंगानं भरूनच येते.

आणि तो पोरगा? त्यानं रात्रभर बसून राक्षसाची वेळ बदलली, ७२ तासांचं बटन घातलं, चाक फिरतं ठेवलं, जबडा काढून अळीचं तोंड लावलं, उपोषणाला बसायची सोय केली आणि सकाळी चौघांनाही फोन करून सांगितलं की केलं जी, पाहून घ्या. खेळ फुकट, पोरगा बिनपगारी, आणि चार तक्रारींचा निकाल एका रात्रीत. जिल्ह्यात असं काम होणारी दुसरी जागा कोणाला ठाऊक असेल, तर त्यांनी आम्हाला जरूर कळवावं. आमच्याकडे ७२ तासांची अट नाही.