मोनालिसाकडे पाठ

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाचं दर्शन घेण्याची रीत आता ठरून गेली आहे: तिच्याकडे पाठ करून. रेटारेटी करत पुढे सरकायचं, कठड्याशी पोचलं की गर्रकन वळायचं, फोन उंच धरायचा आणि आपल्या खांद्यावरून ती डोकावते का ते बघायचं. बाई उगाच हसत नाहीत.

गंमत अशी, की वळलेल्या माणसाच्या थेट समोर चित्रकार व्हेरोनेसेचं ‘काना इथलं लग्न’ हे बायबलमधल्या प्रसंगाचं चित्र टांगलेलं असतं. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची. समोरचं हे चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं. १५६३ सालची जंगी पंगत: मधोमध वादक, पुढ्यात पांढरी कुत्री, रांजणातून द्राक्षारस ओतणारा वाढपी आणि शंभरावर माणसं. नेपोलियनच्या सैन्याने ते व्हेनिसहून उचलून आणलं. आता दिवसभर त्याच्याकडे तोंड करून गर्दी उभी असते आणि फोनमध्ये स्वतःचं तोंड न्याहाळते.

आपली सहलवाली मराठी मंडळीही यात मागे नाहीत. ‘एवढुशीच आहे होय!’ असं म्हणून फोटो उरकायचा की लगेच हाकाटी: ‘चला, बस सुटेल!’

१९११ साली मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा तिची रिकामी जागा बघायला लोकांची रीघ लागली होती. या वेडेपणाला आपण आजही हसतो. पण त्या बिचाऱ्यांनी निदान भिंतीकडे तोंड तरी केलं होतं!