ब्रूनो निघाला कळसूबाईला

पुण्यातल्या कुत्र्यांना हल्ली सह्याद्रीची अनावर ओढ लागली आहे. निदान त्यांचे मालक तरी तसं सांगतात. (मालक म्हणायचं नसतं, पालक म्हणायचं. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांच्या तोंडून चुकून 'मालक' निघालं, तर त्यांना वॉचमनच्या देखत झापण्यात आलं. वॉचमन मात्र पार्किंगमधल्या कुत्र्याला काठी दाखवत होता. त्याला कोणी काही बोललं नाही.)

शनिवारी पहाटे गाड्या निघतात. मागच्या सीटवर लॅब्रडॉर, पुढे मांडीवर पग, आणि डिकीत दोन माणसांचं व एका कुत्र्याचं सामान. त्यात कुत्र्याचं जास्त. घडीचं पाण्याचं भांडं, रेनकोट, गोचीड मारायचा फवारा, छातीला आवळायचा पट्टा, रात्री लुकलुकणारा दुसरा पट्टा, उकडलेल्या चिकनचे डबे आणि चार बूट. माणसांनी स्वतःसाठी आदल्या रात्रीच्या पोळ्यांचे रोल घेतलेले असतात.

यातले बूट हा स्वतंत्र बघण्याचा कार्यक्रम आहे. दोन इंजिनिअर खाली बसतात. एक पाय धरतो, दुसरा वेल्क्रो लावतो. तिसरा बूट चढेपर्यंत पहिला निघालेला असतो. चारही बसले, की कुत्रा क्षणभर पुतळ्यासारखा उभा राहतो, मग तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा एकेक पाय उचलून बघतो आणि शेवटी सरळ बसून घेतो. फोटो याच अवस्थेत निघतो. खाली ओळ येते: 'ॲडव्हेंचरसाठी सज्ज!'

आमच्या बी विंगमधल्या काका-काकूंचा ब्रूनो याच मार्गाने ट्रेकर झाला. ब्रूनो खरं तर मुलाचा. मुलगा कॅलिफोर्नियाला गेला आणि जाताना आई-वडिलांच्या देखभालीसाठी ब्रूनोला, की ब्रूनोच्या देखभालीसाठी आई-वडिलांना ठेवून गेला, हे नक्की ठरलेलं नाही. तिकडून व्हिडिओ कॉलवर तो सांगतो, "बाबा, इकडे डॉग-फ्रेंडली ट्रेल असतात. जंगल, तळी, समुद्र. सगळीकडे कुत्री. तुम्ही त्याला नुसतं बाल्कनीत काय बसवता?" तिकडच्या बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्याला पायवाटेवर पाऊलही टाकू देत नाहीत, हे त्याच्याकडून सांगायचं राहून गेलं. यलोस्टोनमध्ये गाडीतळ, तंबूंची जागा आणि रस्त्याच्या कडेचे शंभर फूट, एवढीच कुत्र्याची मजल. तीही सहा फुटांच्या दोरीला बांधून. पण पोरगं अमेरिकेतून बोलतंय म्हटल्यावर काका ऐकतात. त्यांनी वॉट्सॲप ग्रुप काढला, 'पंजे आणि पायवाटा' असं नाव ठेवलं, आणि पहिलाच बेत कळसूबाईचा ठरवला. 1646 मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच टोक. सुरुवात जरा छोट्या टेकडीने करावी, असं सुचवणाऱ्याला ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही.

बारी गावात गाड्या लागल्या की समोर येतो तो खरा गाईड. रंगाने मातकट, एक कान फाटलेला, शेपूट मजेत वर. त्याच्या अंगावर ना पट्टा, ना बूट, ना रेनकोट. तो आलेल्या मंडळींचे चेहरे एकदा न्याहाळतो, पिशव्या हुंगतो, बिस्किटांचा अंदाज घेतो आणि पुढे चालू लागतो. वाट चुकली की थांबतो. मागचे दमले की बसतो. लोखंडी शिड्या आल्या की बाजूच्या कातळातून कुठून तरी चढतो आणि वर जाऊन जांभई देतो. वर देवीच्या देवळापाशी आपला ग्रुप सोडून उतरणाऱ्या दुसऱ्या ग्रुपबरोबर खाली येतो, कारण फेरी रिकामी करणं धंद्याला परवडत नाही. राजगडाला, हरिश्चंद्रगडाला, राजमाचीला, जिथे जाल तिथे ही मंडळी हजर असतात. सह्याद्रीतल्या सगळ्या वाटा कुत्र्यांना पहिल्यापासून खुल्याच होत्या. त्यासाठी कोणी पाटी लावली नव्हती आणि कोणी पैसेही घेतले नव्हते, म्हणून ते लक्षात आलं नाही इतकंच.

ब्रूनोचं काय झालं ते सांगतो. पहिल्या टप्प्यावर तो चालला. दुसऱ्यावर त्याने विचार केला. शिडीपाशी त्याने निर्णय घेतला. तीस किलोचा लॅब्रडॉर बसतो म्हणाला की तो बसतो. त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. शेवटी ग्रुपमधल्या दोन तरुणांनी त्याला चादरीच्या झोळीत घातलं आणि आळीपाळीने वर नेलं. शिडीवरून वर जाताना ब्रूनोने सह्याद्रीकडे पाहिलं. फाटक्या कानाचा वरून ब्रूनोकडे पाहत होता.

उतरल्यावर पिठलं-भाकरीच्या झोपडीत मावशींनी विचारलं,

"दादा, यो कुठला कुत्रा?"

"लॅब्रडॉर आहे, मावशी."

"आसंल. पर करतो काय?"

काकांनी सांगितलं, की तो फार प्रेमळ आहे. मावशींनी दुसरी भाकरी वाढली आणि विषय संपवला.

आता थोडं शास्त्र. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. म्हणजे मेच्या अखेरीला, सकाळी दहानंतर, काळा बसाल्ट तापलेला असताना त्याला बूट घालून चढवणं हे एखाद्याच्या तोंडावर उशी दाबून 'मोकळा श्वास घे' म्हणण्यासारखं आहे. पगला तर नाकच चपटं. त्याला जिन्यातही धाप लागते. आणि हस्की? सैबेरियात चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढायला जोपासलेली ही जात. तिला आपण आधी पुण्यात एसीत ठेवतो आणि मग 'नैसर्गिक वातावरणा'साठी कर्जतच्या बाजूला उन्हात नेतो.

संध्याकाळी मुक्काम भंडारदऱ्याला. आर्थर लेक, विल्सन धरण, 1926 साली पुरं झालेलं, आणि काठाला रांगेने तंबू. पवनेच्या काठी हेच, फक्त स्पीकर मोठे. प्रवेशाशी पाटी: 'पेट-फ्रेंडली'. कुत्र्याचे वेगळे पैसे, त्याला वेगळी गादी, सकाळी त्याचा वेगळा नाश्ता. ब्रूनोला दहीभात मिळाला. त्याच वेळी शेकोटीवर भाजणाऱ्या पनीरचा वास घेत गावातली दोन कुत्री तंबूंच्या कडेला आली, तर कॅम्पचा पोरगा दगड घेऊन धावला. पाटीवर 'पेट' लिहिलंय, 'कुत्रा' नाही, आणि पोरगा नेमून दिलेलं काम चोख करत होता. चूक त्या दोघांची. बुकिंग नव्हतं.

पावसाच्या तोंडावर या भागात काजवे येतात, झाडंच्या झाडं एका तालात उजळतात आणि विझतात. ती उधळपट्टी नसते. नराने मादीला पाठवलेली चिठ्ठी असते ती. म्हणून तिथे टॉर्च मारू नका, गाडीचे दिवे बंद ठेवा, असं वनखातं दर वर्षी कानीकपाळी ओरडतं. ग्रुपमधल्या सगळ्यांनी शहाण्यासारखे मोबाइल खिशात ठेवले. मग ब्रूनो आला. गळ्यात लुकलुकणारा पट्टा, लाल-हिरवा-लाल. अभयारण्याच्या हद्दीतल्या तमाम नरांनी एवढी धिप्पाड मादी आयुष्यात पाहिली नसेल. त्या रात्री किती संसार मोडले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

यानंतर कोणी तरी रात्री कुत्र्यांना घेऊन तळ्याकाठी फिरायची टूम काढली. इथे मला एका जुन्या अभ्यासाची आठवण करून देणं भाग आहे. याच अकोले तालुक्यात, खालच्या उसाच्या पट्ट्यात, संशोधकांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून तपासली होती. बिबटे काय खातात? वजनाच्या हिशेबाने 39 टक्के कुत्री. शेळ्या-मेंढ्या खूप मागे. तेव्हा या पंचक्रोशीत कुत्र्यांवर मनापासून प्रेम करणारा, त्यांच्यात गावठी-विलायती असा भेद न मानणारा, आणि त्यासाठी जादा पैसे न लावणारा एकच जण आहे. त्याने कुठे पाटी लावलेली नाही. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात पाळीव कुत्रा आत नेऊ देत नाहीत, म्हणून दर रविवारी फाटकावर वाद होतात. 'आमचा पिल्लू कोणाला काही करत नाही' हा त्यातला ठरलेला मुद्दा. पिल्लूला कोण काय करेल आणि पिल्लूच्या लाळेतून कुठला रोग आतल्या जनावरांना जाईल, हे मुद्दे नंतरचे. 2018 साली गीरचे सिंह एकामागून एक मेले, त्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता.

आणि हे लिहिताना हसू एका जागी थांबतं. पुणे जिल्ह्यातच, शिरूरच्या पिंपरखेडला, 2025 च्या शेवटी माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. बिबट्याने तिथे लेकरं नेली होती. त्याच जिल्ह्यातून आम्ही कुत्र्यांच्या गळ्यात लुकलुकणारे पट्टे बांधून बिबट्याच्या मुलखात सहलीला चाललो होतो. पट्ट्यांची अदलाबदल कुठे झाली, कुणास ठाऊक.

कोकणाचा बेतही झाला, पण त्यात फार सांगण्यासारखं नाही. 'पंजे आणि पायवाटा'ला निर्जन किनारा हवा असतो, म्हणजे दोरी सोडता येते. ऑलिव्ह रिडले कासवांनाही अंडी घालायला नेमका निर्जन किनाराच हवा असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ही अंडी जाळीच्या कुंपणात ठेवायला सुरुवात केली. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत हे त्यामागचं एक कारण. काकूंनी कुंपण बघून ब्रूनोचा त्याच्यासमोर फोटो काढला. ब्रूनोला तेवढ्यात वाळूचा वास आला होता. गावातल्या एका म्हाताऱ्याने "ओ ताई, त्याला धरा हो" म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. कोकणातली माणसं पूर्वी किती अगत्यशील होती, असं त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या.

मध्ये एकदा रायगडचाही विषय निघाला होता. तिथल्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकामुळे तो गड कुत्र्यांना आपोआप खुला आहे, असं एकाचं म्हणणं. 1936 सालचं ते स्मारक 2012 मध्ये हलवलं गेलं, पुन्हा बसलं, आणि असा कुत्रा मुळात होता की नव्हता यावर विद्वान अजून एकमेकांच्या अंगावर जातात. दगडी कुत्र्यावरून एवढं रण, तर खरा घेऊन गेलो तर काय होईल, या विचाराने तो बेत बारगळला. ग्रुपने आजवर घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय.

आता मूळ प्रश्न. दीडशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकून कुत्र्याला चालायला न्यायचं कशासाठी? तर इथे चालायला जागा नाही म्हणून. सोसायटीच्या बागेत पाटी: कुत्र्यांना मनाई. महापालिकेच्या बागेत तीच पाटी, मोठ्या अक्षरात. फुटपाथवर गाड्या. टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांची संघटना, आणि तिचं कुत्र्यांपेक्षा जास्त भुंकणं. माझी सगळी थट्टा इथे येऊन अडते, कारण काकांची बाजू खरी आहे. रोज अर्धा तास मोकळं हुंदडायला मिळालं असतं, तर ब्रूनोला कळसूबाईची गरज नव्हती. कोपऱ्यावरची एक मोकळी जागा त्याला पुरली असती. तिथे आता आमच्या सोसायटीचं दुसरं क्लबहाउस आहे.

गेल्या महिन्यात कमिटीने पाळीव प्राण्यांना लिफ्टही बंद केली. अशी बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाने कधीच सांगून ठेवलंय. ते पत्रक काकांनी नोटीस बोर्डावर लावलं. कमिटीने ते 'विनापरवानगी चिकटवलेला कागद' म्हणून काढलं आणि काकांना दंड केला. प्रकरण चालू आहे. ब्रूनो राहतो सहाव्या मजल्यावर. उतरताना तो उतरतो, पण चढताना दुसऱ्या मजल्यावर विचार करतो आणि तिसऱ्यावर बसतो. तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ काका पुढून आणि काकू मागून, चादरीच्या झोळीत घालून त्याला वर नेतात. परवा जिन्यात भेटले. काकू धापा टाकत म्हणाल्या, की पुढचा ट्रेक हरिश्चंद्रगडाचा आहे, त्याचीच प्रॅक्टिस चाललीय.