किंमत ३०० रुपये

माझ्या कादंबरीचं वजन २८२ ग्रॅम आहे. टपाल खात्याने मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू केली. तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपये अधिक कर एवढ्यात देशात कुठेही जातं. दर चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी अडचण पाकिटाची आहे. दुकानात मिळणारं जाड पाकीट २४ ग्रॅमचं असतं. २८२ आणि २४ मिळून ३०६ होतात आणि सहा ग्रॅमांपायी पुस्तक पुढच्या टप्प्यात जातं. म्हणून मी खाकी कागद आणते, मापात कापते, प्रत्येक प्रत हाताने बांधते. एका प्रतीला दहा मिनिटं लागतात.

चार-पाच दिवसांनी मेसेज येतो, “पुस्तक पोचलं. खूप खूप शुभेच्छा!” पैशांचा उल्लेख त्यात नसतो. माझी तक्रार इथून सुरू होते.

मी कराडची. शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. कोयनेच्या धरणात घर आणि जमीन गेलेल्या, पुढे रायगड जिल्ह्यात जाऊन वसलेल्या एका कुटुंबाची ती गोष्ट आहे. तीन प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. दोघांचं उत्तरच आलं नाही. तिसऱ्यांनी चौदा महिन्यांनी कळवलं की सध्या नवीन कादंबऱ्या घेत नाही. मग मी ती स्वतःच काढली.

डेमी आकार, २४० पानं, म्हणजे सोळा पानी पंधरा फॉर्म. ५०० प्रतींच्या छपाई-बांधणीला ६०,००० रुपये लागले. अक्षरजुळणी पानाला ४० रुपयांनी ९,६००, मुद्रितशोधन पानाला २० रुपयांनी ४,८००, मुखपृष्ठाचे ६,०००. एकूण ८०,४००. प्रत मला जवळजवळ १६१ रुपयांना पडली. किंमत ठेवली ३००. वितरक ५० टक्के कापून घेतो, म्हणजे मला १५० मिळतात आणि त्याच्यामार्फत गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मी ११ रुपये घालवते. शाळेतल्या मुलालाही हे गणित कळेल. स्वतः छापलेलं पुस्तक हातोहात विकलं तरच खर्च निघतो. म्हणून माझ्या पिशवीत कायम दोन प्रती असतात. हौस म्हणून मी त्या घेऊन फिरत नाही.

छपाईआधीचा त्रास कुणाला दिसत नाही, म्हणून सांगते. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं. अक्षरजुळणी करणाऱ्याने ते जुन्या फॉन्टमध्ये घेतलं आणि रफार जागचे हलले. ‘पुनर्वसन’चं ‘पुनवर्सन’ झालं. माझी कादंबरीच पुनर्वसनावरची, तो शब्द तिच्यात ७१ वेळा येतो. ७१ ठिकाणी तो मी लाल पेनाने दुरुस्त केला. दुसऱ्या प्रुफात नऊ राहिले होते, तिसऱ्यात एक. तो एक तसाच छापला गेला आहे, पान १८३. अजून कुणी दाखवून दिलेला नाही. कुणी दाखवला असता तर निदान पान १८३ पर्यंत कुणीतरी वाचलं हे मला कळलं असतं.

पुस्तक हातात घेतल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, “कुठल्या प्रकाशनाचं?” स्वतः काढलंय म्हटलं की लगेच दुसरा, “किती खर्च आला?” गोष्ट कशाची आहे, हे तिसऱ्या प्रश्नातही येत नाही. लग्नात भेटलेल्या मावसभावाने खर्च विचारला, मी सांगितला. तो म्हणाला, “एवढ्यात गच्चीवर पत्रा टाकून झाला असता, ताई.” माझ्या गच्चीवर पत्रा आहे.

मग पीडीएफ. “बाई, पीडीएफ आहे का? मोबाइलवर वाचायला बरं पडतं.” असं विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण एकदा फाइल गेली की ती किती गटांत फिरेल, त्याला धरबंध नाही. ‘नाही’ म्हटलं की माणूस दुखावतो. दुखावलेल्याची समजूत मी काढायची आणि माझी कुणी काढायची, हे ठरलेलं नाही.

त्यापुढची मंडळी म्हणतात, “एक प्रत द्या ना, वाचून अभिप्राय देतो.” अशा ७४ प्रती गेल्या. वहीत नावासकट नोंद आहे. आठ महिन्यांत अभिप्राय आले पाच. बाकीचे भेटले की “वाचतोय, वाचतोय” म्हणतात. एका गृहस्थांच्या घरी माझी प्रत टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सखाली सपाट ठेवलेली पाहिली. ‘स्नेहपूर्वक’ लिहून दिलेली प्रत होती. मी चहा घेतला आणि काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. ते धरणाच्या अभियांत्रिकीवर होतं. माझ्या कादंबरीतल्या आईचं नाव त्यांनी दोनदा चुकीचं घेतलं. शाल, श्रीफळ, त्यांच्या गाडीचं पेट्रोल आणि सभागृहाचं भाडं मी दिलं. १२० माणसं आली, त्यांतल्या ११ जणांनी पुस्तक घेतलं. उरलेली चिवडा घेऊन गेली. आली याचा आनंद आहेच. पण दाराशी टेबल होतं, त्यावर प्रती होत्या, आणि १०९ माणसं त्या टेबलाला वळसा घालून गेली.

वृत्तपत्रांना आणि मासिकांना परीक्षणासाठी १२ प्रती पाठवल्या. एका ठिकाणी ‘साभार पोच’ मध्ये एक ओळ आली. पृष्ठं २४०, किंमत ३०० रुपये हे बरोबर होतं. लेखिकेचं आडनाव चुकलं होतं.

दुकानांत पुस्तक ठेवून घेतात ते विक्री झाल्यावर पैसे या बोलीवर. मी महिन्याने जाते. पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यामागे असतं. मी ते बाहेर काढून वर ठेवते. पुढच्या महिन्यात ते परत खाली गेलेलं असतं.

या सगळ्यात फुकट प्रत हक्काने मागणारा एकच आहे, तो कायदा. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. चुकलात तर ५० रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. मी चारही प्रती पाठवल्या. कोयनेकाठच्या बुडालेल्या गावाची गोष्ट कोलकात्यात जपून राहील, याचं मला समाधान आहे. पण कायद्याने मागितल्या चार आणि ओळखीच्यांनी नेल्या ७४. त्या ७४ जणांना कुठलाही कायदा लागू नाही.

स्वतःचं पुस्तक स्वतः विकण्यात कमीपणा आहे, असं मला सुचवलं जातं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश पुरा करण्यासाठी कंपनी काढली आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. लोकांनी आधी पैसे भरले म्हणून २३ खंड उभे राहिले. ग्रंथाली चळवळीनेही वाचकांनाच सभासद केलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीनेच काढलं. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण पुस्तक उभं राहतं ते वाचकाने किंमत मोजली म्हणून, ही गोष्ट मोठ्या पुस्तकालाही लागू आहे आणि माझ्याही. शुभेच्छांनी कागदवाल्याचं बिल भागत नाही.

सगळ्यांत चांगलं उत्तर मला आमच्या शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या सरांनी दिलं. पुस्तक पुढे केलं तर म्हणाले, “बाई, मी पेपरापलीकडे वाचत नाही. माझ्याकडे पडून राहील. नको.” मला मुळीच वाईट वाटलं नाही. ती प्रत पिशवीत परत गेली. पुढच्या आठवड्यात एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतून डोकावणारं मुखपृष्ठ पाहून विचारलं, “हे कोयनेचंच पाणी का हो?” त्यांचं माहेर त्या पाण्याखाली आहे. त्यांनी ३०० रुपये मोजून दिले. सवलत देऊ का म्हटलं तर म्हणाल्या, “छापलेत तेवढे घ्या.” सरांनी त्या दिवशी तोंडदेखलं ‘द्या’ म्हटलं असतं तर एस.टी.त माझ्याजवळ एकच प्रत उरली असती, आणि ती मी उंब्रजच्या वाचनालयाला कबूल केलेली होती.

५०० पैकी १८३ प्रती अजून आतल्या खोलीत, पलंगाखाली आहेत. पावसाळ्यात खाली प्लास्टिक घालावं लागतं. माझी विनंती दोन शब्दांची आहे. ‘घेते’ म्हणा किंवा ‘नको’ म्हणा. दोन्ही मला चालतं. ‘बघू’, ‘पाठवा’, ‘पीडीएफ आहे का’ आणि ‘वाचून सांगतो’ हे मला चालत नाही.

किंमत मलपृष्ठावर, उजव्या कोपऱ्यात छापलेली आहे.