निळ्या केसांचा वारसदार

जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतल्या वेस्टेरोसमध्ये सिंहासनावर हक्क सांगायला पुरावा लागत नाही, फौज लागते. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ (2011) मधला यंग ग्रिफच घ्या. होडीवर वाढलेला, केस निळे रंगवलेला हा पोरगा म्हणे राजपुत्र एगॉन टारगेरियन! पण एगॉनचं डोकं तर तान्हेपणीच भिंतीवर आपटून फोडलं होतं ना? राजदरबारातला हेरप्रमुख व्हॅरिसकडे उत्तर तयार आहे: ते बाळ बदललेलं होतं. कातडी कमावणाऱ्या एका बापानं मद्याच्या सुरईसाठी विकलेलं. चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता, ही केवढी सोय! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या पुण्याला हे कथानक नवं वाटलं नसतं.

खरी गंमत पाठीराख्यांची. गोल्डन कंपनी ही दहा हजारांची भाडोत्री फौज मुळात उभी राहिली ती टारगेरियनांना पाडून त्यांच्याच बंडखोर शाखेतल्या ब्लॅकफायर दावेदारांना गादीवर बसवायला. तीच आता टारगेरियनसाठी तलवार उपसते. (हा पोरगा छुपा ब्लॅकफायरच, असं मानणारे वाचक कमी नाहीत.)

बाकी पोरगं हुशार. भाषा, इतिहास, होडीवरची कामं, सगळं शिकलंय. राज्य करणं हे कर्तव्य आहे, हेही पढवलंय. पण होडीवरचा सहप्रवासी, बेरकी टिरियन लॅनिस्टर याच्यासमोर सोंगट्यांचा डाव हरला आणि त्यानं लाथेनं पट उधळला. रक्त राजघराण्याचं असावं असं वाटतं ते इथेच. टीव्ही मालिकावाल्यांनी मात्र त्याचा अर्ज दाखलच करून घेतला नाही.